घरचा टॅबलेट आणि शेतीची फिल्म

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा शेतीचा विषय कसा काय? विषय आहे फिल्म जुळवण्याचा. शेतात केलेल्या चित्रणातलं नको ते काढायचं, हवं ते एकापुढं एक लावायचं आणि दोन-तीन मिनिटांची, पाहणाऱ्याला समजेल अशी फिल्म तयार करायची. पुस्तकी भाषेत याला संकलन म्हणतात, घरातली पोरं एडिटिंग म्हणतात. हे काम कॉम्प्युटरवाचून, घरातल्या टॅबलेटवर कसं करता येतं, ते आज पाहू. टॅबलेट म्हणजे दवाखान्यातली गोळी नव्हे, बरं का! शाळेच्या पाटीएवढा, बोटानं चालणारा, मोबाइलचा मोठा भाऊ. २०२० साली कोरोनात शाळा घरी आली, तेव्हा पुष्कळ घरांत तो पोरांसाठी आला. काही मुलामुलींना परीक्षेच्या तयारीसाठी ‘महाज्योती’कडून मिळाला. अभ्यास संपला की बऱ्याच घरांत तो फळीवर पडून असतो. त्याला कामाला लावायचं आहे.

हा खटाटोप कशासाठी?

रावेर, यावल, चोपडा या भागातली मृगबाग घ्या. पावसाळ्यात ढगाळ हवा लांबली की केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग दिसतो. आपण त्याला हरण्या म्हणतो. पानावर पिवळे पट्टे येतात, पान आखूड आणि वेडंवाकडं होतं, पुढं पोंगा सडतो. या रोगावर औषध नाही. मावा ही कीड रोगट झाडाचा रस शोषते आणि लगेच शेजारच्या झाडावर जाऊन रोग देते. उपाय एवढाच, की रोगट झाड ओळखायचं, मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन जाळायचं किंवा गाडायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, तण काढायचं, आणि बागेत व आसपास काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो अशी पिकं घ्यायची नाहीत.

आता पाहा, हे सारं ओळखण्यावर अवलंबून आहे. पिवळा पट्टा कसा दिसतो, ते शब्दांत सांगून पुरत नाही. अन्नद्रव्याच्या कमतरतेनंही पान पिवळं पडतं. दोन पानं शेजारी धरून दाखवली, तर पाहणाऱ्याच्या ध्यानात पटकन येतं. रेडिओवरून आम्ही बोलू शकतो, पान दाखवू शकत नाही. ते काम तुमच्या फिल्मनं होईल. पण ती वेळेवर झाली पाहिजे. आज चित्रण केलं, शहरात कुणाकडं जुळवायला दिलं आणि आठ दिवसांनी हाती आलं, तर तेवढ्यात मावा शेजारच्या दोन बागा फिरून आलेला असतो. सकाळी चित्रण, दुपारी जुळवणी आणि संध्याकाळी शेजाऱ्याला दाखवणी, असं झालं तरच फिल्मचा उपयोग. टॅबलेटचं मोल आहे ते इथं.

हे काम आपल्याला जमेल का?

जमेल. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधी, १९१२ साली, त्यांनी एक लहानशी फिल्म केली होती, ती वाटाण्याच्या रोपाची. बी कुंडीत लावलं आणि अंकुर वाढेल तसतशी चित्रं टिपून ती जोडली. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या अगदी सुरुवातीला एक पीक उगवताना दिसतं! फिल्मच्या पट्टीला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही किचकट कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच शिकल्या होत्या. आपल्या माय-बहिणींनी हे ध्यानात घ्यावं.

आता धुळ्याच्या शेजारचं मालेगाव पाहा. मागांचं गाव. तिथं शेख नासिर यांचं व्हिडिओ पार्लर होतं. दोन व्हीसीआर जोडून, एकावर चालवायचं आणि दुसऱ्यावर हवं तेवढं उतरवून घ्यायचं, अशा रीतीनं ते संकलन शिकले. २००० साली त्यांनी गावातल्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. पुढं त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट निघाला आणि तो देशोदेशी पाहिला गेला. तुमच्या घरातला साधा टॅबलेट त्या दोन व्हीसीआरपेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

टॅबलेट बरा की कॉम्प्युटर?

दोघांचं काम वेगळं आहे. छोट्या वखरणीला ट्रॅक्टर लागत नाही आणि खोल नांगरटीला वखर पुरत नाही, तसंच हे.

टॅबलेटचे फायदे असे. तो बॅटरीवर चालतो. लाइट गेली तरी काम अडत नाही. बांधावर नेता येतो. बोटानं चालतो, त्यामुळं टायपिंग किंवा माउसची सवय नसली तरी चालतं. चित्रण आणि जुळवणी एकाच यंत्रावर होते. जिथं चित्रण केलं तिथंच, झाडाजवळ उभं राहून, काही राहिलं तर नाही ना, हे पाहता येतं. कॉम्प्युटरवर घरी बसून चूक कळली, तर पुन्हा शेतात फेरी.

कॉम्प्युटरचे फायदेही आहेत. पडदा मोठा, साठवण जास्त आणि तासाभराची लांब फिल्म असली, दोन-तीन कॅमेऱ्यांचं चित्रण असलं, तर त्याच्यावर काम नीट होतं. वर्षानुवर्षांच्या फिल्मा जपून ठेवायलाही तोच बरा. ज्याच्याकडं आहे त्यानं तो मोडीत काढू नये. पण केवळ तीन मिनिटांच्या फिल्मसाठी कर्ज काढून कॉम्प्युटर घेण्याची गरज नाही.

टॅबलेट नवा घ्यायचाच असेल, तर चार गोष्टी पाहा. पडदा दहा इंचांच्या आसपास असावा. रॅम निदान ४ जीबी, ६ असली तर उत्तम. साठवण निदान ६४ जीबी आणि वर मेमरी कार्डाची सोय. जुना घेत असाल, तर बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानात बसूनच पाहून घ्या. जुळवणीच्या कामात बॅटरी एरवीपेक्षा लवकर उतरते.

साठवणीचा हिशेबही सांगतो. साध्या ‘१०८०’ दर्जाच्या चित्रणाला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. ‘फोर के’ ठेवलं, तर तेच १७० ते ३५० एमबी. शेतीच्या फिल्मला ‘१०८०’ भरपूर झालं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधी ते बघून घ्या, नाहीतर जागा भरते आणि ऐन वेळी चित्रण थांबतं.

ॲप कोणतं घ्यावं?

काइनमास्टर, इनशॉट अशी ॲप फुकटात उतरवून घेता येतात. फुकटच्या आवृत्तीत फिल्मवर कंपनीचं नाव उमटतं. त्यानं आपलं काही बिघडत नाही. ॲपलच्या टॅबलेटसाठी आयमूव्ही फुकट मिळतं. लुमाफ्यूजन हे विकत घ्यायचं ॲप आधी ॲपलवर होतं, २०२३ सालापासून अँड्रॉइडवरही आलं. ते जरा सरावलेल्यांसाठी. तीन मिनिटांच्या फिल्मला यातलं कुठलंही चालेल.

दोन इशारे मात्र देतो. पहिला, ॲप नेहमी अधिकृत स्टोअरमधूनच उतरवा. कुणी व्हॉट्सॲपवर ‘पैशाचं ॲप फुकट’ म्हणून फाइल पाठवली, तर तिला हात लावू नका. अशा फाइलीतून बँकेच्या खात्यावर डल्ला पडतो. दुसरा, एकाच ॲपवर जीव टाकू नका. २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. आपल्या खानदेशातल्या कित्येकांचे व्हिडिओ त्यात होते. ते एका रात्रीत लोकांच्या पडद्यावरून गेले. म्हणून तयार फिल्म आणि मूळ चित्रण या दोन्हींची एक प्रत मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बियाणं एकाच कणगीत ठेवू नये, तशातली ही गोष्ट.

चित्रण असं करा

जुळवणी चांगली व्हायची असेल, तर चित्रण बेतशीर हवं. हरण्या रोगाचीच फिल्म समजा. तिच्यासाठी सहा तुकडे पुरेत.

१. बाग लांबून. कोणतं पीक, केवढं, ते कळावं.
२. निरोगी झाडाचं पान जवळून.
३. रोगट झाडाचं पान जवळून. दोन्ही पानं शक्यतो एका चौकटीत.
४. पानाच्या मागचा मावा. बोट दाखवून.
५. झाड मुळासकट उपटताना आणि बागेबाहेर नेताना.
६. खड्ड्यात गाडताना किंवा जाळताना, आणि शेवटी बोलणाऱ्याचा चेहरा.

टॅबलेट आडवा धरा. दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट ठेवा किंवा बांधावरच्या दगडाचा टेकू घ्या. सूर्य तुमच्या पाठीमागं असू द्या. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर चित्रण करा. एक तुकडा दहा सेकंदांपेक्षा लहान नको. चालता चालता, कॅमेरा फिरवत फिरवत घेऊ नका, पाहणाऱ्याला गरगरतं. एकूण दहा-पंधरा मिनिटांचं चित्रण पुरे. तासभर घेतलं, तर ते निवडण्यातच रात्र जाते.

जुळवणीच्या पायऱ्या

ॲप उघडलं की ‘नवीन प्रोजेक्ट’ घ्या आणि आडवी चौकट निवडा. मग तुकडे क्रमानं आत घ्या. खाली एक लांब पट्टी दिसते. तिच्यावर तुकडे रेल्वेच्या डब्यांसारखे एकामागं एक लागतात. तुकड्यावर बोट ठेवलं की त्याच्या दोन्ही टोकांना खुणा येतात. त्या आत सरकवल्या की सुरुवातीचं आणि शेवटचं फालतू निघून जातं. मधलं काढायचं असेल, तर कात्रीचं चिन्ह दाबून दोन ठिकाणी कापा आणि मधला भाग काढा. बोटानं नेमकं जमत नसेल, तर पट्टी दोन बोटांनी ताणून लांब करा. सेकंदाचाही भाग दिसू लागतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण तिथंच फसतात. ॲपमध्ये तुम्ही कापता, तेव्हा मूळ चित्रण कापलं जात नाही. कुठून कुठपर्यंत दाखवायचं, एवढंच ॲप लक्षात ठेवतं आणि दर वेळी गॅलरीतल्या मूळ चित्रणातून ते उचलतं. म्हणून जुळवणी अर्धी असताना, जागा होत नाही म्हणून गॅलरीतलं मूळ चित्रण पुसलं, तर पट्टीवर काळे डबे उरतात. सगळी वेचणी झाल्याशिवाय पऱ्हाटी उपटत नाहीत. तसंच फिल्म पूर्ण तयार होऊन, एकदा चालवून पाहिल्याशिवाय मूळ चित्रण काढू नका.

आता आवाज. शेतातल्या वाऱ्यानं केळीची पानं फडफडतात आणि बोलणं ऐकू येत नाही. यावर सोपा उपाय आहे. चित्र शेतातलं ठेवा आणि निवेदन घरात करा. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, गोधड्यांची चळत असलेल्या खोलीत बसा. गोधडी आवाज घुमू देत नाही. ॲपमध्ये माइकचं चिन्ह असतं, ते दाबून चित्र पाहत पाहत बोला. मूळ आवाज कमी करा, अगदी बंद करू नका. शेत आहे हे कळू द्या.

बोलायचं ते आपल्या बोलीत बोला. धुळ्याकडं अहिराणी, यावल-रावेरकडं लेवा गणबोली. ‘हाई पान देखा भाऊ’ असं म्हटलं की माणूस कान देतो. छापील मराठी उगाच ओढून-ताणून बोलू नका. सिनेमाचं गाणं मागं लावू नका. ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि यूट्यूबवर त्यावरून फिल्म अडते. घरातल्या बायांचं गाणं घ्यायचं, तर त्यांना विचारून घ्या.

सगळं झालं की ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘सेव्ह’ दाबा. मोबाइलवर दाखवायला ‘७२०’ पुरेसं, मोठ्या पडद्यासाठी ‘१०८०’. त्या वेळी टॅबलेट चार्जिंगला लावा आणि दुसरं ॲप उघडू नका. व्हॉट्सॲपनं धाडताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडलं, तर चित्राचा दर्जा टिकतो.

काय कापू नये

मंडळी, आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. कात्री हातात आली की माणसाला कापण्याचा मोह होतो. फिल्म लहान व्हावी, चटकदार व्हावी, असं वाटतं. पण शेतीच्या फिल्ममधून चुकीचा भाग कापला, तर त्याची किंमत दुसरा शेतकरी मोजतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. हे विसरू नका. फवारणीची फिल्म करत असाल, तर हातमोजे, तोंडावरचा फडका, वाऱ्याची दिशा आणि नंतरची अंघोळ, हे तुकडे कंटाळवाणे वाटले तरी कापू नका. पंपात औषध ओतताना उघडे हात दिसत असतील, तर तो तुकडा वापरूच नका. पाहणारा तेच शिकेल. औषधाचं नाव आणि प्रमाण तोंडी सांगा आणि पडद्यावर अक्षरांतही लिहा. ‘किती पाण्यात किती’ हे दोन्ही आकडे हवेत. ते आकडे औषधाच्या लेबलवरून आणि कृषी विज्ञान केंद्राकडून ताडून घ्या. ऐकीव प्रमाण फिल्ममध्ये घालू नका. धुळ्याचं केंद्र आहे, जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद इथली केंद्रं आहेत, केळीसाठी जळगावचं केळी संशोधन केंद्र आहे. फिल्म धाडण्याआधी तिथल्या तज्ज्ञांना एकदा दाखवा.

दुसरं, तारीख कापू नका. फिल्मच्या सुरुवातीला पडद्यावर पीक, वाण, गाव आणि तारीख लिहा. मोबाइलवरची फिल्म वर्षानुवर्षं फिरत राहते. कपाशीत फुलं लागताना गुलाबी बोंडअळीची डोमकळी वेचायची, ही गोष्ट त्या वेळेची. तीच फिल्म बोंडं फुटायच्या वेळी कुणाच्या हाती पडली, तर नुसता गोंधळ. तारीख असली की पाहणारा स्वतःच ताडून घेतो.

तिसरं, फसलेलं कापू नका. एखादा प्रयोग निम्मा फसला असेल, तर तेही दिसू द्या. नुसता मोठा घड दाखवला आणि मोडलेली झाडं लपवली, तर ती जाहिरात झाली, सल्ला नव्हे.

आणि चौथं, पुराव्याच्या चित्रणाला कात्री लावूच नका. गारपीट, वादळ किंवा पुरानं नुकसान झालं, तर पंचनाम्यासाठी केलेलं चित्रण जसंच्या तसं ठेवा. मूळ फाइलीत तारीख आणि वेळ, आणि सोय चालू असेल तर जागाही, नोंदलेली असते. ॲपमधून जुळवून काढलेल्या नव्या फाइलीत ती नोंद बदलते किंवा जाते. वादळात आडवी झालेली बाग शेजाऱ्यांना दाखवायची असेल, तर वेगळी प्रत काढून त्यावर काम करा.

फिल्म दाखवायची कशी?

१९५६ साली पुणे आकाशवाणीनं पुणे, नगर, नाशिक अशा पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि काय करायचं ते ठरवत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या चळवळीचं सूत्र. पुढं २००६ साली बंगळूरला सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमानं हीच रीत फिल्मला लावली. शेतकऱ्यांच्याच फिल्मा गावात लहान गटाला दाखवायच्या आणि गावातल्याच माणसानं मधे मधे थांबवून प्रश्न विचारायचे.

तुम्हीही तसंच करा. नुसतं दोनशे जणांना धाडून मोकळे होऊ नका. संध्याकाळी पारावर किंवा खळ्यात दहा-बारा जण बसा. टॅबलेट खुर्चीवर उभा करा. रोगट पान आलं की फिल्म थांबवा आणि विचारा, ‘हे कुणाच्या बागेत दिसलं?’ दोन हात वर झाले, की सकाळी त्या दोन बागांत चला. फिल्मचं काम तिथं पुरं होतं.

ध्यानात ठेवा

१. तीन मिनिटांच्या फिल्मला घरचा टॅबलेट पुरतो. त्यासाठी कर्ज काढू नका.
२. एका फिल्ममध्ये एकच गोष्ट सांगा.
३. टॅबलेट आडवा आणि स्थिर धरा. सूर्य पाठीमागं असू द्या.
४. फिल्म तयार होऊन तपासेपर्यंत मूळ चित्रण पुसू नका. दुसरी प्रत वेगळी ठेवा.
५. पीक, वाण, गाव, तारीख आणि औषधाचं प्रमाण पडद्यावर लिहा.
६. सुरक्षिततेचा भाग कधीही कापू नका.
७. नुकसानीच्या चित्रणाला कात्री लावू नका.
८. धाडण्याआधी तज्ज्ञांना दाखवा. धाडल्यावर चार जणांत बसून बोला.

बंधू-भगिनींनो, पोराच्या हातातला टॅबलेट एका संध्याकाळपुरता मागून घ्या. त्यालाच शेजारी बसवा, तो बोटं चालवील आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते तुम्ही सांगा. शेती तुम्हाला कळते, यंत्र त्याला कळतं. दोघं मिळून पहिली फिल्म या हंगामात जरूर करा.

राम राम.